कोयनेचा अंधार आणि दवाखान्यातली दुसरी लाइन

११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास पाटण तालुक्यातली जमीन हादरली आणि काही सेकंदांत कोयनानगरची बहुतेक घरं खाली आली. सुमारे १८० माणसं गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. कोयना धरणाला तडे गेले, पण १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीने पाणी अडवून धरलं. ते सुटलं असतं तर कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत काय उरलं असतं, याची चर्चा कृष्णाकाठची जुनी माणसं अजूनही करतात.

धक्का बसला त्याच घटकेला सह्याद्रीच्या पलीकडच्या उतारावर, पोफळीच्या भूमिगत वीजगृहातली जनित्रं थांबली. १९६२ पासून इथली वीज उच्चदाबाच्या तारांवरून मुंबईकडे जात होती. सातारा जिल्ह्यात अडवलेल्या पाण्यावर मुंबईचे कारखाने फिरत होते. ती वीज तुटली आणि मुंबईसह राज्याच्या मोठ्या भागाचा पुरवठा कोलमडला. फ्यूज जाणं, खांब पडणं, पावसात तारा तुटणं याची लोकांना सवय होती. त्या पहाटे मात्र वीज जिथे तयार होते तिथूनच ती गेली होती.

भूकंपानंतर धरणाचं बळकटीकरण झालं, भूकंपमापन केंद्रं उभी राहिली, कोयनेवर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले. दवाखान्यांतल्या विजेचं काय, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. त्याला कारणही होतं. १९६७ मध्ये सातारा-सांगलीतल्या बहुतेक दवाखान्यांत वीज गेली म्हणून माणूस दगावेल असं यंत्रच नव्हतं.

*

या भागातल्या आधुनिक वैद्यकाची सुरुवात विजेशिवायच झाली. कॅनडात जन्मलेला विल्यम वानलेस हा मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये इकडे आला. सांगलीत त्याने कामाला सुरुवात केली आणि १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं केलं. त्या काळी मिरजच काय, मुंबई-पुण्यातही घरोघर वीज नव्हती. दार्जिलिंगचं छोटं जलविद्युत केंद्र सुरू झालं तेसुद्धा १८९७ मध्ये. शस्त्रक्रिया दिवसाउजेडी, मोठ्या खिडक्यांतून येणाऱ्या प्रकाशात करायच्या, हा तेव्हाचा जगभरचा रिवाज. रात्री काही करायची वेळ आलीच तर रॉकेलचे दिवे. त्यात भुलीसाठी ईथर वापरलं तर दुहेरी जोखीम, कारण ईथरची वाफ पेट घेते. उघडी ज्योत आणि ईथर एका खोलीत आणणं हे धाडसच होतं. तरीही मिरजेची ख्याती एवढी झाली की लांबलांबून रुग्ण रेल्वेने येत. १९२८ मध्ये वानलेसला ‘सर’ हा किताब मिळाला. सांगली आणि मिरज यांच्यामधल्या वानलेसवाडीला त्याचंच नाव आहे.

क्षयरोगाच्या आरोग्यधामांना तर विजेची गरज त्याहून कमी. पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर सुरू केलं. तिथे औषध होतं ते हवा, ऊन आणि विश्रांती. दिवा गेला तर रुग्णाला झोप जरा लवकर लागे, इतकंच.

गंमत अशी, की आणीबाणीची वीज ज्या यंत्रातून निघते ते डिझेल इंजिन घडवण्यात हाच मुलूख देशात आघाडीवर होता. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली, आजच्या सांगली जिल्ह्यात. पुढे किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनचा कारखाना काढला आणि त्यांची इंजिनं उसाच्या मळ्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळीकडे भडभडू लागली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना सुरू केला आणि १९३० च्या दशकात तिथे डिझेल इंजिन घडवलं. भारतात बनलेल्या अगदी पहिल्या डिझेल इंजिनांत त्याची गणना होते. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. म्हणजे इंजिनवाला माणूस थेट सरकारच्या प्रमुखपदी बसलेला. तरीही या इंजिनांचं नातं जडलं ते विहिरीशी, नांगराशी आणि जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूशी. टुरिंग टॉकीज आपला जनरेटर बरोबर घेऊन फिरे. ज्या गावात दवाखान्याला कंदील होता, त्या गावात पडद्यावरच्या चित्राला इंजिनची वीज मिळे.

*

वीज जाणं आणि माणूस जाणं यांचा संबंध जोडला गेला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर, दूर डेन्मार्कमध्ये. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू निकामी झालेल्या रुग्णांच्या घशात नळी घालून फुगा दाबत हवा द्यायची, ही युक्ती ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने काढली. यंत्रं पुरेशी नव्हती. सुमारे पंधराशे विद्यार्थी पाळ्या लावून, दिवसरात्र हाताने फुगे दाबत बसले. त्यातूनच अतिदक्षता विभागाची कल्पना निघाली. फुगा दाबणारा हात पुढे यंत्राने घेतला, यंत्राला वीज लागली, आणि तेव्हापासून भिंतीतल्या सॉकेटवर माणसाचा श्वास अवलंबून राहिला. आजही कुठल्याही आयसीयूत व्हेंटिलेटरशेजारी अँबू बॅग टांगलेली दिसते ती याच इतिहासाची खूण. सगळं बंद पडलं तर नर्सने ती हातात घ्यायची.

अमेरिकेत हा धडा मोठ्या प्रमाणावर मिळाला ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी. ईशान्येकडच्या राज्यांत आणि कॅनडाच्या काही भागांत मिळून तीन कोटी लोक अंधारात गेले. कोयनेच्या भूकंपाच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. त्यानंतर तिथले नियम कडक होत गेले आणि त्यातून एक साधा दंडक पक्का झाला: रुग्णालयात विजेचे दोन संसार असावेत. एक रोजचा, एक जीव वाचवण्याचा. दोन्हींच्या तारा वेगळ्या, नळ्या वेगळ्या, पेट्या वेगळ्या. मुख्य वीज गेल्यावर दहा सेकंदांच्या आत जीवरक्षक शाखेला वीज मिळाली पाहिजे. युरोपात रूढ असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाने यात आणखी बारकावा आणला: शस्त्रक्रियेचा दिवा आणि जीवरक्षक यंत्रं यांना अर्ध्या सेकंदात पर्याय हवा, बाकीच्या अत्यावश्यक उपकरणांना पंधरा सेकंद चालतील.

हे आकडे नीट पाहिले की इंजिनाची मर्यादा कळते. कितीही चांगलं डिझेल इंजिन अर्ध्या सेकंदात वेग घेत नाही. म्हणजे इंजिनाच्या आधी बॅटरी हवी, बॅटरीच्या मागे इंजिन हवं आणि या दोन्हींचा भार कुणावर टाकायचा हे आधी ठरलेलं हवं.

भारतात राष्ट्रीय विद्युत संहिता १९८५ मध्ये आली, २०११ मध्ये सुधारली, आणि तिच्यात वैद्यकीय इमारतींचा स्वतंत्र विचार आहे. पण संहिता ग्रंथालयात पोचते आणि वायरमन बाजारात पोचतो.

*

सातारा-सांगलीला दुसऱ्या लाइनची गरज खरी पटवून दिली ती भारनियमनाने. २००५ चा जून महिना: राज्य विद्युत मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती या कंपन्या झाल्या. विजेचा तुटवडा आधीपासून होताच. पुढची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्राने दिवसाचे दहा-बारा तास विजेविना काढले. त्यात ‘सिंगल फेजिंग’ आलं. शेतीपंप चालू नयेत म्हणून तीनपैकी एकाच फेजची वीज सोडायची. घरात दिवा लागायचा, पण दवाखान्याचं तीन फेजवर चालणारं एक्स-रे मशीन आणि पाण्याची मोटर गप्प. पेशंट बाकावर बसलेला, फिल्म तयार, आणि डॉक्टर घड्याळाकडे बघत फेज यायची वाट पाहतोय, हे दृश्य तालुक्याच्या गावी नित्याचं होतं.

या काळात मिरज आणि सांगलीत, कऱ्हाड आणि साताऱ्यात छोटी खासगी रुग्णालयं झपाट्याने वाढली. मिरजेला १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. कऱ्हाडला १९८० च्या दशकात कृष्णा रुग्णालय आणि त्याचं महाविद्यालय. या संस्थांतून शिकलेले डॉक्टर आसपासच्या गावांत दवाखाने थाटत. इमारत बहुधा राहत्या बंगल्याची. खाली ओपीडी, वर सहा-आठ खाटा, माडीवर डॉक्टरांचं घर. वायरिंग पंखा आणि ट्यूबलाइट एवढाच हिशेब धरून केलेलं. त्यात आधी ऑपरेशन थिएटर आलं, मग नवजात बाळांसाठी वॉर्मर, मग मॉनिटर, मग एखादा व्हेंटिलेटर. प्रत्येक यंत्राबरोबर एक नवा पॉइंट काढला जाई, आणि त्या पॉइंटची वायर जवळच्या बोर्डातूनच ओढली जाई.

भारनियमन आलं तेव्हा या बंगल्यांनी आपापला तोडगा काढला. सुरुवातीला दारात श्रीराम होंडाचा छोटा जनरेटर. दोरी ओढून सुरू करायचा, पेट्रोलवर पेटवून रॉकेलवर चालवायचा. मग जिन्याखाली इन्व्हर्टर आणि दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या. मग ऐपत वाढली की पार्किंगमध्ये पंधरा-वीस केव्हीएचा डिझेल सेट, आणि शेजाऱ्यांनी तक्रार केल्यावर त्यावर ‘सायलेंट’ डबा. साताऱ्यात घडलेलं किंवा किर्लोस्कर नाव असलेलं इंजिन अखेर दवाखान्याच्या अंगणात आलं.

वेगळी तार मात्र आली नाही.

झालं असं, की जनरेटर थेट मीटरनंतरच्या मेन स्विचला, चेंजओव्हरमधून जोडला जाई. वीज गेली की वॉर्डबॉय खाली धावे, इंजिन सुरू करे, दांडा ‘मेन्स’वरून ‘जनरेटर’कडे फिरवी, आणि पूर्ण इमारत जनरेटरवर येई. गीझर, एसी, माडीवरच्या घरातला मिक्सर, सगळं. इंजिन दम टाकायचं, दाब कोसळायचा, ब्रेकर पडायचा. जिथे सर्वांत आधी वीज हवी, त्या थिएटरमध्ये ती पुन्हा जायची. मग डॉक्टर काय करत? पुढच्या वर्षी मोठा जनरेटर घेत. जनरेटर विकणाऱ्याला हा उपाय अर्थातच मान्य असे.

काही ठिकाणी तर चेंजओव्हरसुद्धा नव्हता. दोन टोकांना दोन पिना असलेली वायर करायची, एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला. मेन स्विच बंद करायचं लक्षात राहिलं तर ठीक. विसरलं तर जनरेटरची वीज उलटी मीटरमधून बाहेर रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरकडे जाते, आणि ट्रान्सफॉर्मर हे उलट्या दिशेनेही काम करणारं यंत्र असल्यामुळे चारशे व्होल्टचे अकरा हजार होऊ शकतात. वर खांबावर लाइनमन चढलेला असतो, लाइन बंद आहे असं समजून. म्हणूनच जुनेजाणते लाइनमन सबस्टेशनवरून परमिट मिळालं तरी तारेला डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय हात लावत नाहीत. दवाखान्यातली चूक दवाखान्यातच राहते असं नाही.

*

त्यानंतरच्या टप्प्यात वेगळी लाइन आली, पण अर्धवट. वायरमनला सांगितलं जाई, ‘थिएटरला आणि आयसीयूला जनरेटरची लाइन वेगळी काढा.’ तो बिचारा भिंत फोडणार कशी? चालू दवाखाना, धूळ चालत नाही, मालक घाईत. मग जुन्याच पाइपमधून एक जादा वायर ओढायची. फेज वेगळा, न्यूट्रल तोच. वरून बघणाऱ्याला दोन लाइन दिसतात, आत मात्र दोन्ही एकाच नळीत, एकमेकींच्या अंगावर.

याचे तोटे वायरिंग उघडल्याशिवाय कळत नाहीत. नळीत कुठे वायर तापून वितळली तर रोजची आणि आणीबाणीची, दोन्ही लाइन एकदमच जातात. न्यूट्रल सामायिक असेल तर एका लाइनचं एमसीबी पाडून काम करणाऱ्याच्या हातात दुसऱ्या लाइनच्या परतीचा प्रवाह येऊ शकतो. तीन फेजच्या व्यवस्थेत तोच न्यूट्रल कुठे ढिला पडला, तर एखाद्या सॉकेटवर २३० च्या जागी जवळजवळ चारशे व्होल्टपर्यंत दाब चढतो आणि मॉनिटरपासून इन्फ्युजन पंपापर्यंत सगळी नाजूक यंत्रं एका क्षणात जळतात. वेगळ्या न्यूट्रलचा आग्रह शहाणा इलेक्ट्रिशियन धरतो तो यासाठी. बिलात त्याची किंमत थोडी असते, म्हणून तोच आधी कापला जातो.

नीट केलेली व्यवस्था पाहायची असेल तर मोठ्या रुग्णालयाच्या पॅनेल रूममध्ये जावं. ट्रान्सफॉर्मरकडून येणारी केबल मुख्य पॅनेलवर उतरते. तिथून वीज दोन बसबारवर वाटली जाते. एका बसबारवर साधा भार: लॉबीचे दिवे, गीझर, कँटीन, ऑफिसचे एसी. दुसऱ्यावर अत्यावश्यक भार. या दुसऱ्या बसबारच्या तोंडाशी स्वयंचलित चेंजओव्हर असतो. मेन्सचा दाब पडला की एएमएफ पॅनेल, म्हणजे मेन्स गेल्याचं ओळखून इंजिन सुरू करणारं पॅनेल, काही सेकंद थांबतं, कारण नुसती झपक असेल तर इंजिन उगाच चालवायचं नाही. मग बॅटरी स्टार्टर फिरवते, इंजिन वेग घेतं, दाब स्थिरावला की काँटॅक्टर धाडकन उडी मारतो. मेन्स आणि जनरेटर कधीच एकत्र जोडले जाऊ नयेत म्हणून त्यात यांत्रिक अडथळा असतो, एक बाजू आत गेली की दुसरी जाऊच शकत नाही. त्याच्याही पुढे, आयसीयू आणि थिएटरसाठी यूपीएस. इंजिन वेग घेईपर्यंतची पोकळी तो भरतो. या शाखेच्या केबल वेगळ्या ट्रेवरून जातात, शक्य तिथे वेगळ्या डक्टमधून, आणि वॉर्डात लाल रंगाच्या सॉकेटवर संपतात.

लाल सॉकेट ही पद्धत बऱ्याच ठिकाणी रुळली आहे. नर्सला सर्किट कळायची गरज नाही, रंग कळला की पुरे. अडचण एवढीच, की चहाची इलेक्ट्रिक किटली घेऊन आलेल्या नातेवाइकालाही रंग कळतो. वॉर्डात लाइट गेली तरी लाल पॉइंट चालू असतो हे एकदा समजलं की मोबाइलचे चार्जर, किटली, टेबलफॅन सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. दीड हजार वॉटची एक किटली यूपीएसचा जीव काढायला पुरेशी आहे. काही रुग्णालयांनी यावर लाल सॉकेटच्या पिनेचा आकारच बदलला. हा उपाय स्वस्त आहे आणि तो फलक लावण्यापेक्षा चालतो.

या सगळ्यात एका यंत्राने मात्र दुसऱ्या लाइनची फारशी फिकीर केली नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस ठेवण्यासाठी असतो तो आयएलआर, म्हणजे भिंतींत बर्फाचं अस्तर असलेला फ्रिज. झाकण वर उघडतं, त्यामुळे गारवा खाली बसून राहतो, आणि वीज गेली तरी कित्येक तास लस थंड राहते. जावळी-पाटणच्या पावसाळी पट्ट्यात, जिथे झाड पडून दोन-दोन दिवस वीज येत नाही, तिथे लसीकरण तगलं त्यात या पेटीचा वाटा मोठा आहे.

*

२००५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीत शिरली. त्याच ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेत न्यू ऑर्लिन्समध्ये कतरिना वादळ आलं, आणि तिथल्या मेमोरियल मेडिकल सेंटरमध्ये जे घडलं ते रुग्णालयांच्या वीजव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला वाचावं लागतं. जनरेटर उंचावर सुरक्षित होते. पण वीज इकडून तिकडे वळवणारे स्विच जमिनीपासून अवघ्या काही फुटांवर होते. पाणी चढलं, स्विच बुडाले, दोन दिवसांत वीज संपली. नंतर त्या इमारतीतून ४५ मृतदेह बाहेर काढावे लागले. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कमध्येही तळघरात पाणी शिरलं आणि तिथल्या एका नामांकित रुग्णालयातून अतिदक्षता विभागातली वीस नवजात बाळं जिन्यावरून हातात धरून खाली आणावी लागली.

सांगलीत आयर्विन पुलापाशी पाण्याची धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. शहराचा मोठा भाग दिवसच्या दिवस पाण्यात राहिला. महावितरणला ट्रान्सफॉर्मर आणि उपकेंद्रं बंद करावी लागली, कारण पाण्यात वीज सोडणं म्हणजे बचावाला आलेल्या बोटीलाही धोका. पूरग्रस्त भागातल्या रुग्णालयांपुढे रुग्ण मिरजेकडे, उंचावर हलवण्यावाचून मार्ग नव्हता.

तेव्हा एक गोष्ट उघडी पडली. दुसरी लाइन काढताना तारा वेगळ्या झाल्या होत्या, पण जागा एकच राहिली होती. मीटर, मुख्य पॅनेल, चेंजओव्हर आणि जनरेटर, चारही पार्किंगमध्ये, एकाच पातळीवर, बहुधा एकाच भिंतीला. छोट्या प्लॉटवर दुसरी जागा असते कुठे? वर थिएटर कोरडं, यूपीएस कोरडा, खाली चेंजओव्हर पाण्यात. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास आलं. दोन पुरांच्या मधल्या काळात ज्यांनी पॅनेल पहिल्या मजल्यावर नेलं, त्यांना खर्च आला तो केबलचा आणि भिंत फोडण्याचा. ज्यांनी नेलं नाही, त्यांना नवं पॅनेल घ्यावं लागलं.

*

दोन पुरांच्या मध्ये कोविड येऊन गेला होता. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या, आणि महापालिकेने रुग्णालयांना किमान आठ तास पुरेल एवढं डिझेल ठेवायला सांगितलं. तोवर वॉर्डांचं रूपच बदललं होतं. जिथे खाटेमागे एक दिवा आणि एक पंखा होता, तिथे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, हाय-फ्लो मशीन, मॉनिटर, व्हेंटिलेटर, सगळं चोवीस तास चालू. ऑक्सिजन तयार करणारे पीएसए प्लांट बसवले गेले, त्यांना तीन फेजचा दणदणीत भार लागतो आणि तो अखंड लागतो. आणीबाणीची लाइन जी काही तासांपुरती म्हणून आखली होती, तिच्यावर महिनोन्‌महिने कायमचा भार आला. त्यात एक्स्टेन्शन बोर्ड.

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या विभागात आग लागली. १७ बाळं होती. सात वाचली, दहा गेली. राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेचे आणि विद्युत व्यवस्थेचे ऑडिट करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी ११ रुग्णांचा मृत्यू झाला. पन्नास वर्षं प्रश्न होता तो वीज जाण्याचा. आता तो वीज न जाण्याचाही झाला. जी लाइन कधीच बंद पडू नये म्हणून वेगळी काढली, तीच सतत तापत राहते, आणि तिच्यावरचा ब्रेकर पडू नये म्हणून कुणीतरी तो मोठा बसवतो. वायर चार चौरस मिलिमीटरची आणि ब्रेकर चाळीस अँपिअरचा, अशी जोडी आढळली तर ऑडिट करणाऱ्याने पुढचं काही तपासण्याआधी तिथेच थांबावं. वायर जळेल, ब्रेकर पडणार नाही.

ऑडिटचे अहवाल बरेच झाले. त्यांतली दुरुस्तीची यादी मंजूर होऊन निविदा निघेपर्यंतचा वेळ हा स्वतंत्र विषय आहे, आणि तो फारसा आनंददायक नाही.

कोयनेच्या पहाटेनंतर ग्रिड मोठं झालं, अनेक स्रोतांनी जोडलं गेलं. भारनियमनही पूर्वीसारखं राहिलेलं नाही. त्यामुळे एक नवीच सुस्ती आली आहे. जनरेटर दर सोमवारी दहा मिनिटं चालवला जातो, तोही रिकामा, भार न टाकता. डिझेल इंजिन असं रिकामं चालवलं की नीट तापत नाही, अर्धवट जळलेलं इंधन आणि काजळी आत साठते. ऐन वेळी इंजिन सुरू न होण्याचं सर्वांत सामान्य कारण तर त्याहून क्षुल्लक: स्टार्टरची बॅटरी उतरलेली. लाखोंचा सेट आणि काही हजारांच्या बॅटरीपायी ठप्प.

सातारा-सांगलीतल्या रुग्णालयांच्या विश्वस्तांना, मालक डॉक्टरांना आणि सरकारी रुग्णालयांच्या अभ्यागत मंडळांवर बसणाऱ्यांना म्हणून एवढंच सांगणं आहे. पुढचा मोठा जनरेटर घेण्याआधी परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि कुठलं सॉकेट कुठल्या लाइनवर आहे याचा नकाशा काढून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. आपल्या भिंतीवर २०१९ चं पाणी कुठवर आलं होतं ती रेघ शोधा आणि चेंजओव्हर तिच्या वर आहे का ते पाहा. मग एखाद्या दिवशी, आयसीयूत सगळ्यांना आधी सांगून, अँबू बॅगा हाताशी ठेवून, मेन स्विच खाली ओढा आणि घड्याळ लावून मोजा.